बरणीच्या झाकणावरचे नाव

दर वर्षी मे महिना उजाडला की नाइटनमधल्या खाटकाच्या, पशुखाद्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या दुकानांत काउंटरवर एक पातळ पुस्तिका दिसू लागते. टेम नदीच्या खोऱ्यात, आमच्या गावापासून काही मैलांवर असलेल्या एका लहान खेड्याच्या वार्षिक प्रदर्शनाचे ते ‘शेड्यूल’ असते. भाज्या, फुले, केक, मुरंबे, अंडी, विणकाम, लहान मुलांची चित्रे अशा शंभराहून अधिक वर्गांची यादी, प्रत्येक वर्गापुढे किती नग मांडायचे याचा आकडा आणि शेवटी नियमांची दोन पाने, एवढाच त्यातला मजकूर असतो. एका वर्गाचे प्रवेशशुल्क 30 पेन्स आणि पहिले बक्षीस 2 पौंड. 2019 साली ती पुस्तिका मी पहिल्यांदा घरी आणली, त्याचे एकमेव कारण म्हणजे ‘मुरंबे व साठवणीचे पदार्थ’ या विभागात मला ‘चटणी’ हा शब्द दिसला होता.

नाइटन हे वेल्सच्या पूर्व सीमेवरचे, सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. त्याच्या वेल्श नावाचा अर्थ ‘बांधावरचे गाव’ असा होतो. हा बांध म्हणजे आठव्या शतकात मर्सियाचा राजा ऑफा याने उभारलेला मातीचा लांबलचक तट. त्याच्या कडेने जाणारी 177 मैलांची पायवाट 10 जुलै 1971 रोजी लॉर्ड हंट यांच्या हस्ते याच गावात खुली झाली. 1953 साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या मोहिमेचे नेते होते तेच हे हंट. सीमा गावाला इतकी खेटून आहे की नाइटनचे रेल्वे स्थानक इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात आहे आणि गाव मात्र वेल्समध्ये. मी औषधांच्या दुकानात काम करते. वेल्समध्ये 1 एप्रिल 2007 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांना शुल्क लागत नाही, इंग्लंडमध्ये ते अनेकांना भरावे लागते. त्यामुळे तुमचे डॉक्टर नदीच्या अलीकडचे की पलीकडचे, हा प्रश्न मला दिवसातून अनेकदा विचारावा लागतो. शेड्यूलमध्ये तो प्रश्न नव्हता. काही चषकांसाठी ‘हॉलपासून दहा मैलांच्या आत राहणारे’ एवढीच अट होती आणि त्या दहा मैलांच्या वर्तुळात दोन्ही देश सारखेच येत होते. हे मला तेव्हा फार आवडले आणि अजूनही आवडते.

चटणीचा वर्ग वाचताना मात्र मला थांबावे लागले. ‘चटणी, एक बरणी, किमान तीन महिने मुरलेली’, असे तिथे लिहिले होते. आपल्याकडे चटणी पाट्यावरून पानात येते. शेंगदाण्याची किंवा कारळ्याची कोरडी चटणी फार तर पंधरा दिवस डब्यात टिकते. तीन महिने मुरते ते लोणचे. शेजारच्या आजींना विचारल्यावर उलगडा झाला. हा शब्द इंग्रजांबरोबर इकडे आला आणि इथल्या फळबागांत वेगळ्याच पदार्थाला चिकटला. सफरचंद, आलुबुखारा, कांदा आणि बेदाणे व्हिनेगर व साखरेत मंद आचेवर दोन तास शिजवायचे. लाकडी चमचा पातेल्याच्या तळावरून ओढला की मागे वाट उघडी राहिली पाहिजे, तोवर ते आटवायचे. ताजेपणी व्हिनेगर घशाला झोंबते, म्हणून ते महिनोन्‌महिने मुरवायचे. इथली चटणी ही आपल्या मेथांब्याची बहीण आहे, हे मला तेव्हाच समजायला हवे होते. ते कळायला मला आणखी तीन वर्षे लागली.

प्रदर्शन ऑगस्टच्या अखेरीस होते, त्यामुळे तीन महिन्यांच्या अटीत बसण्यासाठी मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात घाईने चटणी केली. त्या दिवसांत इथल्या झाडांवर फळ नसते. दुकानातून आणलेली सफरचंदे आणि सुके खजूर वापरले. बरणी घरातलीच घेतली, गरम पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये वाळवली. औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात माझी वर्षे गेली आहेत, त्यामुळे पदार्थाचे नाव आणि पूर्ण तारीख असलेली चिठ्ठी मी बरणीच्या दोन्ही शिवणींच्या बरोबर मध्ये, सरळ रेषेत लावली. सकाळी साडेआठला बरणी हॉलमध्ये मांडली, नाव आणि क्रमांक लिहिलेले कार्ड नियमाप्रमाणे पालथे ठेवले आणि दहा वाजता परीक्षणासाठी सगळ्यांना बाहेर काढण्यात आले, तेव्हा इतरांबरोबर मीही बाहेर पडले.

दुपारी एक वाजता दारे उघडली. माझ्या बरणीपुढे लाल, निळे किंवा पिवळे कार्ड नव्हते. एक पांढरी चिठ्ठी होती आणि तिच्यावर तीन अक्षरे होती: एन. ए. एस. त्यांचा अर्थ ‘शेड्यूलनुसार नाही’ असा होतो, हे मला शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने सांगितले. मी बरणी उचलून पाहिली. तिचे झाकण उघडलेलेच नव्हते. हरण्याची तयारी मी केली होती, परंतु माझा पदार्थ कोणी चाखूनही पाहिला नाही याचे मला खरोखर वाईट वाटले. एवढ्या माणसांत मी एकटीच वेगळ्या वर्णाची होते आणि अशा वेळी मनात जो विचार येतो तो माझ्याही मनात आला. तो मी इथे लपवत नाही.

त्या विभागाचे स्टुअर्ड, म्हणजे परीक्षकांचे मदतनीस, सत्तरी ओलांडलेले एक मेंढपाळ शेतकरी होते. त्यांनी मला बाजूला नेले, शेड्यूलचे शेवटचे पान उघडले आणि सातव्या नियमावर बोट ठेवले. बरणीवर किंवा झाकणावर कोणत्याही कंपनीचे नाव असता कामा नये. माझ्या झाकणावर एका लोणच्याच्या कंपनीचे नाव पुसट अक्षरांत छापलेले होते. मी ते वर्षानुवर्षे पाहत आले होते, म्हणून ते मला दिसतच नव्हते. त्यांनी नियमामागचे कारणही सांगितले. इथल्या खेड्यात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. कोणाच्या घरी कोणती बरणी असते, कोण झाकणावर चौकटीचे कापड बांधते, हे परीक्षकाच्या कानावर असण्याची शक्यता असते. म्हणून सगळ्या बरण्या साध्या, सगळी झाकणे कोरी आणि सगळी नावे पालथी. परीक्षकही शक्यतो दुसऱ्या खोऱ्यातून बोलावतात. नंतर त्यांनी त्याच टेबलावरच्या आणखी दोन पांढऱ्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांतली एक त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या जॅमपुढे होती. तिने आयुष्यभर याच प्रदर्शनात जॅम मांडला होता आणि त्या वर्षी चिठ्ठीवर तारीख घालायची राहिली होती. त्यानंतर माझ्या मनातला तो विचार टिकला नाही. सातवा नियम कोणाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हता; माझ्यासारखीची बरणीही त्यामुळेच इतर बरण्यांशेजारी समान होऊन उभी राहू शकत होती.

पुढची दोन वर्षे प्रदर्शन भरले नाही. 2020 च्या शरद ऋतूत वेल्समध्ये 23 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर टाळेबंदी होती आणि इंग्लंडमध्ये ती 5 नोव्हेंबरला सुरू होऊन 2 डिसेंबरला संपली. एकाच गावच्या माणसांना पुलाच्या दोन टोकांना दोन वेगळे नियम लागू होते आणि औषधांच्या रांगेत त्याचीच चर्चा असे. तेवढ्या काळात मला शेजारच्या आजींच्या झाडाची ब्रॅम्ली सफरचंदे मिळू लागली. हे फळ कच्चे खाण्याचे नाही; ते आकाराने मोठे, हिरवे आणि दात आंबतील इतके आंबट असते. पहिली फोड तोंडात टाकली आणि मला मिरजेच्या घरातली कैरी आठवली. त्या दिवशी मी पाककृतीचे इंग्रजी पुस्तक मिटले. आई मेथांब्याला करते तशी तेलात मोहरी, मेथी आणि हिंगाची फोडणी केली, त्यात ब्रॅम्लीच्या फोडी परतल्या, गुळाच्या जागी काळपट साखर घातली आणि टिकण्यासाठी व्हिनेगर घातले. ब्रॅम्लीच्या फोडी लवकर विरघळतात, म्हणून अर्ध्या फोडी सुरुवातीला आणि अर्ध्या शेवटच्या वीस मिनिटांत घालायच्या, हे तिसऱ्या खेपेला समजले.

यातून मला या प्रक्रियेचे खरे वेळापत्रकही कळले. ऑगस्टमधल्या बरणीची तयारी मेमध्ये सुरू होत नाही. ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, झाडावरचे फळ उतरवतात तेव्हा सुरू होते. माणसे वर्षभर आधी विचार करतात. वाटाणे मांडणारे एक गृहस्थ प्रदर्शनाच्या दिवसापासून उलटे दिवस मोजून पेरणीची तारीख ठरवतात. शेंगेवर एक पांढुरकी साय असते, ती बोट लागले की पुसली जाते. म्हणून ते शेंग कधी अंगाला धरत नाहीत, देठाला धरून कात्रीने कापतात. श्रावणघेवड्यासारख्या लांब शेंगा ओल्या फडक्यात गुंडाळून सरळ ठेवतात, कारण परीक्षक त्यांतली एक मोडून पाहतात आणि ती ‘कट्’ असा आवाज करून तुटली पाहिजे. कांद्यांच्या माना वाळवून सुतळीने बांधतात. बटाटे मऊ स्पंजाने धुऊन परीक्षणापर्यंत फडक्याखाली ठेवतात, नाहीतर उजेडाने ते हिरवे पडतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही संस्था 1804 साली स्थापन झाली. तिच्या नियमपुस्तिकेत प्रत्येक भाजीला पिकवण्याच्या कठीणपणानुसार कमाल गुण ठरवून दिले आहेत. वाटाण्याला 20 आणि छोट्या लाल मुळ्याला 10. बहुतेक जणांना हे आकडे तोंडपाठ असतात.

पाच वाटाण्याच्या शेंगा किंवा तीन कांदे मांडताना मोठ्यात मोठा नग निवडायचा नसतो, तर एकमेकांसारखे नग निवडायचे असतात. एक भला मोठा कांदा आणि दोन मध्यम कांदे यांपेक्षा तीन मध्यम कांदे नेहमी वरचढ ठरतात. माझ्या फोडीही त्याच कसोटीला उतरायच्या होत्या, याचा मी विचार केला नव्हता. 2022 साली माझ्या ब्रॅम्लीच्या चटणीला पिवळे कार्ड, म्हणजे तिसरा क्रमांक मिळाला. बरणीला टेकवलेल्या चिटोऱ्यावर परीक्षकबाईंनी पेन्सिलीने लिहिले होते की चव फार चांगली आहे, परंतु फोडी एकसारख्या कापलेल्या नाहीत. मी ते चिटोरे जपून ठेवले आहे. पिवळ्या कार्डापेक्षा मला त्याचे मोल अधिक वाटते, कारण चव चांगली आहे असे त्यात लिहिले होते आणि या वेळी झाकण उघडले गेले होते.

2023 च्या वसंतात त्या शेतकरी स्टुअर्डांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांनी मला त्यांच्या जागी उभे राहाल का, असे विचारले. स्टुअर्डला स्वतः त्या विभागात भाग घेता येत नाही. ते मी मान्य केले. परीक्षणाच्या अडीच तासांत हॉलमध्ये कोणी बोलत नाही. परीक्षकबाई विमेन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून तयार झालेल्या होत्या. या संस्थेची ब्रिटनमधली पहिली शाखा 1915 साली वेल्समध्येच, अँगलसी बेटावर सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात साखर मोजून मिळत असताना सरकारने दिलेल्या साखरेतून गावोगावच्या सभासद स्त्रियांनी टनावारी फळांचा जॅम केला होता. फळ आणि साखर वाया जाऊ न देण्याची तेव्हाची ती शिस्त या बाईंच्या हातात मला दिसली. त्यांनी आधी सगळ्या बरण्या ओळीने उजेडात धरून पाहिल्या: रंग काळवंडला आहे का, हवेचे बुडबुडे राहिले आहेत का, बरणी काठोकाठ भरली आहे का. नंतर झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहिली, कारण व्हिनेगर साधा पत्रा खाते आणि आतून अस्तर असलेलेच झाकण चालते. मग वास, मग चमच्याच्या टोकावर थोडासा पदार्थ. प्रत्येक बरणीला नवा चमचा आणि दोन बरण्यांच्या मध्ये पाण्याचा घोट. चौदा बरण्यांपैकी नियमांत बसणारी एकही त्यांनी न चाखता सोडली नाही. फक्त दोन बरण्या नियमांत बसत नव्हत्या आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या चिठ्ठ्या मला माझ्या हाताने ठेवाव्या लागल्या. ठेवताना हात जड झाला, हे खरे आहे. दारे उघडल्यावर मी त्या टेबलाजवळच उभी राहिले आणि दोघीही आल्या तेव्हा त्यांना सातव्या नियमाचे पान दाखवले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समितीची बैठक झाली. थंडी पडली होती, हॉलमधला हीटर एकाच बाजूला चालत होता आणि सगळ्यांनी कोट घातलेले होते. पुढच्या वर्षीच्या वर्गांची चर्चा सुरू असताना अध्यक्षबाईंनी मला विचारले की मला काही नवा वर्ग सुचवायचा आहे का. मी लोणच्याचे नाव घेतले. कोणाचा विरोध नव्हता. अडचण निराळीच होती. वर्ग घालायचा तर त्याचा नियम लिहावा लागतो आणि नियम लिहायचा तर चांगले लोणचे कशाला म्हणायचे ते दोन ओळींत सांगावे लागते. माझ्या आजीने आयुष्यभर चिनी मातीच्या बरणीत लोणचे घातले, तोंडाला दादरा बांधला आणि नुसत्या वासावरून ते उतरले की नाही हे ओळखले; तिला कोणी नियम विचारला नव्हता. मी एक आठवडा मागून घेतला आणि आईशी फोनवर दोनदा बोलले. चटणीची बरणी काठोकाठ भरायची असते. लोणच्याला वर जागा हवी, कारण तेल फोडींच्या वर बोटभर उभे राहिले पाहिजे. फोड मऊ झालेली असावी पण तुटू नये. मोहरीचा खार फोडींना धरून असावा, तळाला बसू नये. व्हिनेगर नाही. शेवटी नियम असा ठरला: ‘तेलातील लोणचे, कोणतेही फळ किंवा भाजी, एक बरणी, किमान सहा आठवडे मुरलेले, सर्व फोडी तेलाखाली असाव्यात.’ हे इंग्रजी वाक्य छापून आले त्या मेमध्ये मी पुस्तिकेच्या सहा प्रती घेतल्या आणि एक मिरजेला पाठवली.

2024 साली त्या वर्गात चार बरण्या आल्या. त्यांतली एक जूनमध्ये मिळणाऱ्या कच्च्या, कडक गूसबेरीची होती. ते फळ आंबटपणात आणि दाताखाली आपल्या करवंदासारखेच लागते, हे मीच एका तरुण शेतकऱ्याच्या पत्नीला सांगितले होते, म्हणून त्या वर्गाच्या परीक्षणाच्या वेळी मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. परीक्षकबाईंनी लोणच्याची फोड नेहमीप्रमाणे चमच्याने उचलून तोंडात घातली. मीठ आणि तिखट यांचा जोर त्यांना अपेक्षित नव्हता. त्यांनी पाणी प्यायले आणि बराच वेळ काही लिहिले नाही. मग त्यांनी मला बोलावून विचारले की हे तुमच्याकडे नुसते खातात का. मी नाही म्हणाले. कशाबरोबर खातात हे सांगायला मी सुरुवात केली आणि साधा वरण-भात हा पदार्थ इंग्रजीत समजावणे किती कठीण आहे, ते मला तेव्हा कळले. शेवटी चहाच्या टेबलावरून पांढऱ्या पावाची एक चकती आणली आणि तिच्या चार तुकड्यांवर त्यांनी चारही लोणची पुन्हा चाखली. गूसबेरीच्या लोणच्याला लाल कार्ड मिळाले. निघताना त्यांनी समितीसाठी एक सूचना लिहून ठेवली.

2025 च्या शेड्यूलमध्ये लोणच्याच्या वर्गाखाली तिरक्या अक्षरांत एक ओळ वाढली होती: परीक्षणासाठी स्टुअर्ड साधा शिजवलेला भात उपलब्ध करून देतील. प्रदर्शनाच्या दिवशी मी पहाटे साडेसहाला उठले, दोन वाट्या तांदूळ धुतले, मीठ न घालता मऊ भात केला आणि तो गरम राहावा म्हणून स्टीलच्या डब्याला दोन टॉवेल गुंडाळले. साडेआठला हॉलच्या दारात वाटाणेवाले गृहस्थ शेंगांचे ताट दोन्ही हातांवर तोलून उभे होते आणि त्यांना दार उघडता येत नव्हते. मी डबा काखेत धरला आणि दार ढकलले.